कराब्यातला दुधी

नातीनं नव्या हॉलमध्ये आमचा जुना कराबा मांडलाय. कराबा म्हणजे हिरव्या जाड काचेची, दीड हात उंच बाटली. पोट हे एवढं, गळा अगदी बारका. सासऱ्यांच्या दुकानात यातून पूर्वी गुलाबपाणी यायचं.

"आजी, आता लोक शोधून शोधून असे कराबे सजवतात," नात म्हणाली.

मी म्हटलं, "मी तं कवाच सजवला होता, बाई."

हे सांगताना मी थोडी ताठ बसले. पुढचं सांगायचं नव्हतं, पण तिनं आतला पांढरट डाग पाहिलाच.

लग्नाला चारच महिने झाले होते. नणंदेला पाहायला वांकिडीचे पाहुणे येणार होते. स्थळ चांगलं, सासूबाईंचा जीव त्यात अडकलेला. बैठकीची शोभा मी करते म्हटलं. अक्कल माझ्या एकटीलाच दिलेली आहे, असं तेव्हा मला वाटत असे. सासूबाईंनी कराबा हाती दिला. "फुटला तं पाहून घेजो! यांच्या दुकानाची पयली वस्तू हाय."

कुंपणावर दुधीचा वेल होता. बोटाएवढा कोवळा दुधी वेलावरच असताना मी कराब्याच्या गळ्यातून आत सरकवला, कराबा आडवा ठेवून वर ओलं पोतं टाकलं. दुधी आतल्या आत वाढला. पाहुण्यांच्या दिवशी देठ कापून कराबा बैठकीत उभा केला. आत हा गुबगुबीत दुधी!

पाहुणे थक्क. "अवो माय, हा आत गेला कसा?" मी पदराआड हसत होते.

तेवढ्यात नवरदेवाची आत्या म्हणाली, "ताजा दिसून राह्यला. आज याचीच भाजी करा. काढा, काढा!"

पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? आणि कराबा फोडल्याशिवाय दुधी निघतो कसा? सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कराब्याकडे. मला वाटलं, स्थळ तरी जातं नाहीतर कराबा तरी.

चहा घेऊन मान खाली घालून आलेली नणंद तशीच बोलली, "आत्याबाई, आमच्या वयनीले आत घालता येते, काढता येत नाई. तिच्या डोक्यात शिरलेलं बी असंच असते."

मग आत्याबाई अशा हसल्या की कपातला चहा बशीत आला. "पोरगी बोलकी हाय. आमाले पसंत!"

लग्न ठरलं. दुधी मात्र आतच. तो कुजला, मी तारेनं टोकरत बसले, आणि बैठकीत कोणी बसेना. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, कराबा राहू दे आत. तूच अंगणात जाऊन बस." शेवटी वाळू घालून घालून तो धुतला. डाग काही गेला नाही.

नातीनं काल हॉलचा फोटो नणंदेला पाठवला. लगेच फोन. "वयनी, कराबा रिकामाच हाय न?"

"रिकामाच," मी म्हटलं.

खोटं नाही बोलले. यंदा कुंपणावर लावलेल्या वेलाचा दुधी अजून बोटाएवढाच आहे.