लॉकवाली पक्कड आणि शेटजींची बोहनी

शुक्रवारी मी आणि बाबा आमच्या कारसाठी पक्कड आणायला वर्ध्याला गेलो... एसटीने. कारने गेलो असतो, पण भर बाजारात ती बंद पडली असती तर ढकलायला माणसं कुठून आणायची?

नाचणगावात आमचं किराणा दुकान आहे. दोन महिन्यांपूर्वी बाबांनी एक जुनी कार घेतली आणि तेव्हापासून रोज सकाळी आख्खी गल्ली ती ढकलते. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढलाय. तो साफ करायला नट सैल व्हायला हवा, आणि तो नट बाबांनी तेलाचे डबे उघडायच्या पक्कडीने फिरवून फिरवून पार गोल करून ठेवला. आता त्याला कुठलाच पाना लागेना.

त्यात रविवारी बोरगाव मेघेला मावशीच्या नव्या घराची पूजा. मावसाजींचा फोन आला, "गाडी आणून राह्यले का भाऊ? मंग धक्का माराले दोन पोट्टे गेटवर उभे ठेवतो." बाबा हसले... पण त्या रात्री एकच पोळी खाऊन उठले.

मी म्हटलं, मी बघते. घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही बी.एस्सी. 'बघते' म्हटलं की बघावंच लागतं. नेट कॅफेत बसून वाचलं की गोल झालेल्या नटसाठी लॉकवाली पक्कड हवी. मागचा स्क्रू फिरवून माप बसवायचं, मूठ दाबायची, की जबडा खट्कन बंद... मग हात सोडला तरी ती सोडत नाही. चांगली कशी ओळखायची तेही वहीत उतरवलं. दात समोरासमोर बसायला हवेत, सांधे डुगडुगता कामा नयेत, खटका एका बोटाने उघडायला हवा.

हार्डवेअरच्या दुकानात पोचलो तेव्हा शेटजी उदबत्ती ओवाळत होते. त्यांनी एक चकचकीत पक्कड पुढे ठेवली. मी वही काढली आणि बाबांचा चेहरा पडला.

"बबे, त्याची बोहनी व्हाचीये," ते माझ्या कानाशी म्हणाले. "पयलं गिऱ्हाईक आपन. आता रिकाम्या हातानं जाता येत नाई."

मी म्हटलं, वस्तू पारखून घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे. जरा मोठ्यानेच म्हटलं. बोहनीपायी शेटजींनाही मला हाकलता येईना. ते आपले, "पाहा नं ताई, आरामात पाहा..."

पारखायला गोल काहीतरी हवं होतं. समोर गल्ल्याच्या ड्रॉवरची गोल दांडी दिसली. मी पक्कड तिला लावली, स्क्रू चांगला आवळला, मूठ दाबली... खट्! काय पकड होती म्हणून सांगू. मी विजयाने बाबांकडे पाहिलं.

मग खटका दाबला. उघडेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबला, तर खटकाच वाकला.

बाबांनी ओढून पाहिलं. शेटजींनी ओढून पाहिलं. पक्कडीची मूठ अशी आडवी बसली होती की ड्रॉवर दोन बोटंही पुढे येईना. तेवढ्यात एकजण बिजागरी घ्यायला आला, त्याला सुटे द्यायचे होते आणि सुटे गल्ल्यात. तो "मंग येतो" म्हणून निघून गेला. शेटजी आधी उदबत्तीकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, तुम्ही शिकून काय राह्यल्या?"

बाबांनीच उत्तर दिलं. "बी.एस्सी. झाली." त्या आवाजात अभिमान होता की माफी, मला अजून कळलेलं नाही.

शेवटी शेटजींनी गादीखाली हात घातला आणि एक काळपट, रंग उडालेली जुनी लॉकवाली पक्कड काढली. तिने चकचकीत पक्कडीचा मागचा स्क्रू धरला, अर्धा आटा फिरवला... सुटली!

मी लगेच म्हटलं, "मला ही हवी."

"हे इकाची नाई. हे माही हाये."

"मग हिच्यासारखीच द्या. तुम्ही स्वतः वापरता तीच."

 शेटजी शिडी लावून माळ्यावर चढले आणि धुळीने भरलेला एक खोका खाली आणला. "कोनीच घेत नाई हे. चमकत नाई नं!" मी त्यातली पक्कड हातात घेतली तशी त्यांनी दोन्ही हात गल्ल्यावर ठेवले. "इथं नाई ताई! स्टुलाले लावा!"

स्टुलाच्या पायाला लावली. दात बरोबर, सांधे घट्ट, खटका एका बोटाने उघडला. बोहनी झाली. शेटजींनी पैसे कपाळाला लावले आणि बाबांनीही सुटकेचा निःश्वास सोडला.

घरी येऊन मी ठिणगी उडू नये म्हणून आधी निगेटिव्हची वायर काढली... डिग्रीचा तेवढा तरी उपयोग. पक्कड गोल नटला चावली आणि नट मुकाट्याने फिरला. गरम पाणी, सोडा, नवा नट. बाबांनी चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू! ढकलायला जमलेले शेजारी चक्क हिरमुसले.

रविवारी मावसाजींच्या गेटवर खरंच दोन पोट्टे उभे होते. निघताना बाबांनी त्यांना बाजूला सारलं, एकदाच चावी फिरवली, आणि मग विनाकारण दोनदा हॉर्न वाजवला. आई पुढच्या सीटवर खिडकीची काच खाली करून बसली होती, सगळ्यांना दिसावी अशी.

परतीच्या वाटेवर मी सहज विचारलं, "बाबा, आपल्या दुकानात आपण गिऱ्हाइकाला आधी कोणती डाळ दाखवतो? घरी खातो ती?" बाबांनी समोर कुणी नसताना हॉर्न वाजवला.

आज सकाळी मी दुकानात गेले, तर आमच्या घरच्या डाळीचं पोतं मागच्या कोपऱ्यातून उचलून पुढे, अगदी दारात ठेवलेलं होतं. बाबा उदबत्ती लावत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "काऊन उभी हायेस? बोहनी व्हाचीये, बाजूले हो."

वर्ध्याच्या त्या शेटजींचे मनापासून आभार... आणि त्यांच्या गल्ल्याची माफी.