फळांच्या भरवशावर ठेवलेली मुलगी

आम्ही मूळचे सांगलीकडचे. नवऱ्याला तारापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात नोकरी लागली आणि बोईसरला बिऱ्हाड केलं. मुलगा शिकायला बाहेर गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा मी एका लहानशा संस्थेत काम धरलं. संस्थेला एका कारखान्याकडून निधी यायचा. त्यातून आम्ही जिल्हा परिषदेच्या काही प्राथमिक शाळांत छोट्या सुट्टीला मुलांना ताजी फळं आणि कच्च्या भाज्या द्यायचो. पालघरच्या बाजारातून माल निवडायचा, टेम्पोवाल्याच्या मागे लागायचं, शाळेत पोचल्यावर सगळं धुऊन कापून वाटलं जातंय का ते बघायचं, हे माझं काम.

मला ते काम फार आवडायचं. घिवलीच्या शाळेतली पोरं काकडीवर तुटून पडायची, पण मीठ नसेल तर तोंड फिरवायची. गाजर आलं की आधी त्याच्या मिशा व्हायच्या आणि मग ते पोटात जायचं. मासवणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक शाळा होती. तिथे पहिल्यांदा मी मोठ्या कौतुकानं पपईच्या फोडी नेल्या, तर सगळा वर्ग हसायला लागला. एक मुलगी म्हणाली, "बाई, ही तर आमच्या घरामागं हाय. ही कशाला इकत आनली?" मीही हसले. त्या दिवसापासून त्या शाळेला पपई बंद केली आणि मोसंबी, द्राक्षं, सफरचंद असं तिकडे न पिकणारं द्यायला लागले.

पपईवरून बोललेली ती मुलगी तिसरीत होती. तिची मोसंबी खायची एक तऱ्हा होती. बाकीची पोरं फोड तोंडात कोंबून मोकळी व्हायची. ही मात्र वरचं पातळ साल अलगद काढायची, आतले रसाचे दाणे सुटे करायची आणि एकेक खायची. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी तिचं चाललेलं असायचं. गुरुजी ओरडायचे. मग ती उरलेलं सगळं एकदम तोंडात टाकायची आणि गाल फुगवून पाढे म्हणायला बसायची. मी तिच्यासाठी थांबायला लागले. उगीच, काही काम नसताना.

दिवाळीच्या थोडं आधी गुरुजींनी मला बाजूला घेतलं. शाळेत ते एकटेच शिक्षक. मनानं चांगले, पण कायम घाईत.

"मॅडम, दिवाळी झाली की माझी निम्मी शाळा रिकामी होते," ते म्हणाले. "आईबाप वीटभट्टीवर जातात, पोरांना बरोबर नेतात. पावसाच्या तोंडावर येतात तेव्हा वाचायलासुद्धा विसरलेली असतात. यंदा तुम्ही माझ्याबरोबर घरोघरी चला. तुमची फळं आहेत. पोरं मागे ठेवायला काहीतरी कारण झालं."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटण्यापेक्षा आवडलं. ज्या कारखान्याचा पैसा होता तिथले साहेबही मला सारखं विचारायचे, फळांमुळे हजेरी वाढते का? मला त्यांना हो म्हणायचं होतं.

आम्ही पाड्यावर गेलो. त्या मुलीची आई अंगणात भात पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, आतून गोधडी आणून आमच्यासाठी अंथरली. गुरुजींनी आपलं बोलून घेतलं. शाळा बुडते, नुकसान होतं वगैरे. ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती हे दिसत होतं. मग मी बोलले.

"वहिनी, भट्टीवर तिला काय मिळणार? धुरळा आणि ऊन. इथं दुपारची खिचडी आहे. वर फळ आहे."

"फळ कवा कवा?"

"रोज."

"रोज? सुट्टीनंतर पन?"

"रोज. शाळा आहे तोवर."

"सफरचंद पन?"

"सफरचंदसुद्धा."

तिनं मुलीकडे पाहिलं. मुलगी दाराच्या चौकटीला लटकून आमचं बोलणं ऐकत होती. "ऱ्हाशील का काकीकडं?" आईनं विचारलं. मुलीनं चौकट आणखी घट्ट धरली. मग आई मला म्हणाली, "तुमी येतच असाल ना इथं? तुमी बघाल तिला?"

"मी बघीन की," मी म्हटलं.

त्या एका पाड्यावरची पाच-सहा मुलं त्या वर्षी मागे राहिली. परतताना गुरुजी खूश होते. त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मीही मनातल्या मनात साहेबांना सांगायच्या वाक्यांची जुळवाजुळव करत होते.

दिवाळीनंतर ट्रक आला आणि भट्टीवर जाणारी माणसं गेली. मुलगी काकीकडे राहिली. सुरुवातीला सगळं ठीक होतं. मी गेले की ती जवळ येऊन उभी राहायची, माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. "आई कदी येल?" असं एकदा तिनं विचारलं. मी म्हटलं, "येईल हं, आंबे निघाले की." तिनं मान डोलावली आणि मोसंबी सोलायला बसली.

नवीन वर्ष लागलं आणि एक दिवस संस्थेत निरोप आला. कारखान्यानं यंदाचा उरलेला निधी दुसऱ्या कामाकडे वळवला होता. शाळांना रंग आणि नवे फळे मिळणार होते. भिंतीवरचे फळे. आमच्या कार्यालयात कुणीतरी त्यावर विनोदही केला. सोमवारपासून टेम्पो बंद.

मी सगळ्या शाळांना फोन केले. घिवलीच्या बाई हळहळल्या, पण म्हणाल्या, आम्ही आयांना सांगू डब्यात काहीतरी द्यायला. बोईसरच्या शाळेत तर कुणाला फारसा फरक पडला नाही. डोंगराकडच्या गुरुजींना फोन केला तेव्हा त्यांनी तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "बघू." मी स्वतः जायला हवं होतं. नाही गेले. आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवस काढले. घरी टेबलावर फळांची टोपली असायची. नवरा एके संध्याकाळी म्हणाला, "हल्ली तू फळाला हात लावत नाहीस." मी म्हटलं, दात दुखतोय.

शेवटी गुरुजींचाच फोन आला. "मागे ठेवलेली बाकीची पोरं येताहेत, पण ती मुलगी शाळेत येत नाही. या एकदा."

जाताना मी बाजारातून सफरचंदं घेतली. पिशवी घेऊन काकीच्या अंगणात शिरले, तर मुलगी काकीचं तान्हं मूल कडेवर घेऊन फेऱ्या मारत होती. काकी रानात लाकडं आणायला गेलेली. आल्यावर तिनंच सांगितलं, लपवाछपवी न करता, "माजी दोन बारकी हायत, बाई. मी कामाला गेल्यावं त्यांना कोन बघनार? ही बघते." काकीच्या चेहऱ्यावर थकवा होता, दुष्टपणा अजिबात नव्हता. म्हणजे आईपासून तुटून मुलगी शाळेसाठी मागे राहिली होती आणि तिची शाळाही चालू नव्हती.

मी पिशवी पुढे केली. मुलीनं घेतली नाही.

"फळं बंद झाली ना?" तिनं विचारलं.

"हो. पण हे मी तुझ्यासाठी आणलंय."

"बंद झाली, तर मला आईकडं सोडा."

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. तिच्या हिशेबानं ती त्या फळांच्या बदल्यात इथे ठेवलेली होती. फळं थांबली, म्हणजे ठरलेलं मोडलं. आता तिला इथे राहायचं कारण उरलं नव्हतं. यात तिचा राग नव्हता, रडणं नव्हतं. एवढंच की मोठी माणसं बोलल्याप्रमाणे वागतात असं तिला अजून वाटत होतं.

"अगं, शाळा आहे ना. खिचडी आहे," मी म्हटलं.

"भात तितं पन हाय," ती म्हणाली. "आन आई पन हाय."

काकीनं भट्टीवरच्या कुणाचा तरी नंबर दिला. पुष्कळ खटपटीनंतर मुलीची आई फोनवर आली. मला वाटलं होतं, ती बोल लावेल. मी त्याची तयारीही केली होती. ती फक्त म्हणाली, "आमाला भट्टी सोडून येता येत नाय, बाई. तुमी आनाल का तिला?"

गुरुजींना हे मुळीच आवडलं नाही. शाळेच्या ओट्यावर उभे राहून ते मला म्हणाले, "शाळेतलं मूल तुम्ही स्वतःच्या हातानं भट्टीवर पोचवताय. कळतंय का तुम्हाला? आपण काय सांगून आलो होतो त्या लोकांना?"

"काय सांगितलं ते आठवतंय म्हणूनच नेतेय."

"मग थांबवा. समजूत काढा. तुमचं ऐकतात ती."

"माझं ऐकून झालंय त्यांचं," मी म्हटलं. पण त्यांचंही चूक नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तिला ठेवलं असतं तरी वाईट, नेलं तरी वाईट. आणि या पेचात तिला मीच आणून सोडलं होतं.

भट्टी वाडा तालुक्यात होती; मनोरला जाऊन आम्ही वाड्याची एसटी धरली. मुलगी खिडकीशी बसली. तिच्याकडे कपड्यांची लहान पिशवी आणि माझी सफरचंदाची पिशवी, आता घेतलेली. मी म्हटलं, "खा ना एक." "आईबरोबर खाईन," ती म्हणाली आणि पिशवी दोन्ही पायांत धरून बसली. वाटेत तिनं मला विचारलं, "तुमची आई कुटं हाय?" मी म्हटलं, "लांब आहे, गावाला." "मंग तुमी नाय जात तिच्याकडं?" मी सांगितलं, जाते कधीकधी.

भट्टी रस्त्यापासून आत होती. उघड्या माळावर कच्च्या विटांच्या रांगा, मधे धुमसणारा ढीग, कडेला विटांवरच पत्रे आणि प्लॅस्टिक टाकून केलेली खोपटी. आई चिखलाचा गोळा साच्यात दाबत बसली होती. मुलीला बघून ती उठली, पण हात मातीनं भरलेले, म्हणून तिनं कोपरांनीच तिला पोटाशी ओढलं. मुलगी तिच्या लुगड्यात तोंड खुपसून तशीच उभी राहिली. मी बाजूला उभी. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

आईनं मला काळा चहा करून दिला. बसायला पालथी बादली दिली. "तुमचा कामाचा खाडा झाला आमच्यापायी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं. मी रोज म्हणाले होते. माझ्या हातात नव्हतं ते मी बोलून बसले."

ती जरा गोंधळली. माफी मागणाऱ्या माणसाचं काय करायचं हे तिला सुचलं नसावं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुमाला तरी काय ठाव होतं?"

तिनं रागावायला हवं होतं. मी अजूनही त्या वाक्यापाशी अडते. कारण मला ठाऊक होतं. निधी वर्षावर्षानं मिळतो, मधेच थांबू शकतो, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगितलेलं होतं. अंगणात बसून बोलताना मी ते सोयीनं विसरले.

चहा पिऊन होईतो मुलगी दिसेना. बघते तर ती विटांच्या रांगेत ओणवी होऊन वाळत घातलेल्या विटा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर उभ्या करत पुढे चालली होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिला ते काम येत होतं. हात भराभर चालले होते, आणि ती शेजारच्या रांगेतल्या कुठल्याशा मुलाशी मोठमोठ्यानं बोलत होती. काकीच्या अंगणात मी तिचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. मी तिचा निरोपही न घेता निघाले.

जूनमध्ये ती शाळेत परत आली. वरच्या वर्गात बसली, पण वाचताना अडखळायची. गुरुजी तिला सुट्टीत जवळ बसवून घ्यायचे. माझ्याशी ते कामापुरतं बोलत. पुढे आमच्या संस्थेला दुसरीकडून थोडी मदत मिळाली आणि मोजक्या शाळांत फळं पुन्हा सुरू झाली. मी ही शाळा सोडली नाही. मुलगी मला बघून हसते, फळ घेते, मैत्रिणींत जाऊन बसते. तिच्या मनात काही नाही. असेल तर मला दिसत नाही.

दिवाळी जवळ आल्यावर गुरुजींनी मला पुन्हा घरोघरी चलायला सांगितलं. मी आधी नाही म्हणाले. नंतर वाटलं, न जाणं म्हणजे स्वतःला जपणं आहे, दुसरं काही नाही. गेले.

तेच अंगण. आईनं या वेळी खाट टाकली. मी बोलायला सुरुवात केली, "वहिनी, फळं होळीपर्यंत नक्की आहेत. तेवढं मी सांगू शकते. त्यापुढचं मला माहीत नाही. आणि मी आठवड्यातून एकदाच येते, तेवढ्यात तिच्याकडे लक्ष राहील असं नाही." गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. असं बोलून कुणी मूल मागे ठेवतं का, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग नेते बरोबर."

मला हायसं वाटलं. लगेच शरम वाटली. या खेपेला मी खरं बोलले होते, माझ्यावर काही येणार नव्हतं. आणि एक मुलगी पुन्हा सहा-सात महिने शाळेबाहेर जाणार होती.

गुरुजी उठले. चपला घालताना म्हणाले, "चला, पुढचं घर." आम्ही बांधावरून चालायला लागलो. ते पुढे, मी मागे. पुढच्या घरात काय बोलायचं ते आमच्यापैकी कुणीच ठरवलेलं नव्हतं.