तात्यांच्या गिरणीतले हलके डबे

गिरणीच्या ओट्यावर मांडलेल्या डब्यांना तात्या कोणालाही हात लावू देत नसत. आपला डबा ठेवायचा आणि बाजूला व्हायचे. कोणी दुसऱ्याचा डबा चार बोटे सरकवला, की आतून आवाज येई, "पावणं, हात खिशात. गिरणी तुमची हाय व्हय?" जुन्नरच्या बाजारगल्लीने हा विक्षिप्तपणा कधीच स्वीकारला होता. मीही त्याचे कारण शोधले नव्हते.

गिरणीमागच्या खोलीत तात्यांनी गावाचे धान्यघर सुरू केले होते. आण्याच्या पठारावरची बाजरी, शिनोलीकडचा तांदूळ. सुगीनंतर ज्याला जमेल त्याने पोते आणून टाकावे, ज्याला नड असेल त्याने न्यावे. आणून देणारे सर्वांना माहीत होते. नेताना मात्र कधी कोणी दिसले नाही. "तात्या, उंदरांना घालताय का सगळं?" अशी थट्टा होई. तात्या शांतपणे म्हणत, "उंदरं बी गावचीच हायेत की."

उलगडा झाला तो मी एम.एस्सी.ची सुट्टी घरी काढत असताना. तात्यांचा खांदा दुखावला होता आणि डबे आत नेण्यासाठी त्यांनी मला बोलावले होते. रांगेतला एक डबा उचलला, तर तो रिकामा. वर फडके मात्र नीट बांधलेले. मी तात्यांकडे पाहिले.

"हलका हाय?" त्यांनी हळूच विचारले.

"हो."

"मंग जड कर. आन् त्वांड मिटून."

मागच्या खोलीतली बाजरी दळून तो डबा इतरांसारखाच गरम होऊन ओट्यावर परतला, आणि इतरांसारखाच डोक्यावर बसून घरी गेला. डब्यांना हात का लावायचा नाही, हे तेव्हा कळले. ती पद्धत मला एखाद्या चांगल्या प्रयोगासारखी निर्दोष वाटली. "अशी किती घरं आहेत, तात्या?" मी विचारले.

"तुला परीक्षेला हाय का ते?"

दोष एकच होता: सारी माहिती एका माणसात साठवलेली होती. गेल्या हिवाळ्यात तात्या झोपेतच गेले. गिरणीला कुलूप लागले आणि ती घरे त्यांच्याबरोबर अदृश्य झाली. विचारावे तर कोणाला, आणि कोणत्या तोंडाने? नारायणगावच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीवरून परतताना मी गल्लीतून सावकाश चालू लागले. भाकरी थापल्याचा आवाज कोणत्या घरातून येत नाही, ते ऐकत. ज्या घरातून येत नसे, ते घर रात्रभर डोळ्यांसमोरून हलत नसे.

शेवटी तात्यांच्या मुलाकडून किल्ली घेतली आणि रविवारी गिरणी चालू केली. गर्दी झाली. लोक मला मदत म्हणून एकमेकांचे डबे पुढे सरकवू लागले; मी नको म्हटले, तर हसले. "तू काय तात्या हायेस का गं?" डबा उचलताना प्रत्येक वेळी तो हलका निघेल, याची मी वाट पाहत असे. सगळे जड. शून्य नोंदीचे दोन अर्थ होतात. गरज उरली नाही, किंवा गरज आहे आणि ती माझ्यापर्यंत येत नाही. पहिल्या अर्थावर विश्वास ठेवणे मला जमले नाही.

मग एका रविवारी एका जड डब्याचे फडके सोडले. वर मूठभर बाजरी होती. खाली नदीतले गोटे. वाजू नयेत म्हणून एकेक गोटा चिंधीत गुंडाळलेला. शेजाऱ्याने डबा सरकवला, तरी वजन कमी लागू नये, ही त्यामागची खबरदारी. मी गिरणी तशीच चालू ठेवली. गोटे बाजूला काढले. मागच्या खोलीतल्या बाजरीने डबा भरून दळला.

डबा न्यायला आल्या त्या सुमनकाकू. लग्नाच्या पंगतीत प्रत्येकाला आग्रहाने दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय पुढे न सरकणाऱ्या. ते घर माझ्या अंदाजात कुठेच नव्हते. त्यांनी फडके सोडून आत पाहिले. मग चिमूटभर पीठ बोटांत चोळले.

"लई जाडं दळलंस गं. भाकरी तुटंल याची."

"पुढच्या वेळी बारीक दळते, काकू."

"व्हय. ध्यानात ठेव." डबा डोक्यावर घेऊन त्या रांगेतून बाहेर पडल्या.

उरलेली घरे मला अजून ठाऊक नाहीत. रांगेतला पुढचा डबा मी उचलला. तो जड होता. तरी मी त्याचे फडके सोडून तळापर्यंत हात घातला.