तूदाच्या तीन काठ्या

बर्फ वितळलं की डोंगर दरवर्षी पाटात धोंडे आणून टाकतो. मग दर घरातून एकाने फावडं घेऊन उतरायचं. हद्दू पाटकरी काठीने मोजत जातो: एका घराला तीन काठ्या लांबीचा तुकडा. तो उपसला की त्या घराला पाण्याची पाळी.

तूदाच्या घरासाठी मात्र काठी पडायची थांबली होती. नवरा गेला त्या वसंतात ती फावडं घेऊन आली होती. हद्दू तिचा चुलतदीर. म्हणाला, "वहिनी, बाईमाणसाने पाटात उतरायचं नसतं. तू चुलीकडे बघ." तेव्हापासून अकरा वर्षं तिने चाळीस गड्यांचा चहा उकळला, गव्हाच्या जाड रव्याचा कुसकुस वाफवला. सगळ्यांची शेतं भिजून झाली की भर दुपारी करंगळीएवढं पाणी तिच्या शेतात यायचं. जव वीतभर वाढून पिवळे पडायचे. वर हद्दू मशिदीसमोर सांगायचा, "विधवेला आम्ही कोरडं ठेवत नाही."

यंदा हद्दूकडे समुद्रापलीकडचे पाहुणे उतरले होते, गावासारखं जगून बघायला. त्यातल्या एका पोरीच्या हातात त्याने स्वतः फावडं दिलं. तिने चार घमेली गाळ काढला. गड्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पाटकरी, तुमचे पोरगे दिसत नाहीत," म्हातारा इदिर म्हणाला.

"झोपलेत. आमचा तुकडा पाहुणी उपसतेय की."

चुलीपाशी तूदाचा हात थांबला.

"भावजी, ती बाई नाही का?"

"पाहुणी आहे ती. तिची गोष्ट वेगळी."

"तिच्या हातानं पाट बाटत नाही, माझ्याच हातानं बाटतो?"

"अगं, लोक भुकेले होतील. कुसकुस बघ."

"तुमचे पोरगे उठवा. त्यांना बसवा चुलीपुढे."

"मिशा जळतील बिचाऱ्यांच्या," इदिर पुटपुटला. कोणीतरी फिसकन हसलं.

तूदाने जळती लाकडं ओढून मातीत विझवली. पोरीपुढे हात केला. पोरीने काही न विचारता फावडं दिलं. हद्दूच्या काखेतली काठी तूदाने उपसून घेतली आणि पाटाच्या अगदी वरच्या टोकाला, अक्रोडाच्या मुळांखाली, जिथे कोणी हौसेने जात नाही, तिथे तीन काठ्या मोजल्या. दिवस कलेपर्यंत ती धोंडे काढत राहिली. गड्यांनी कोरडी भाकरी चावली. तिला कोणी हातभार लावला नाही, अडवलंही नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी सुटलं. हद्दूने पुकारलेल्या पाळ्यांत तूदाचं नाव पुन्हा शेवटी होतं. ती ऐकायला गेलीच नव्हती. तिने पाटातून आपल्या शेतात पाणी घ्यायचं मातीचं दार फोडलं होतं आणि तिथेच उभी होती.

हद्दू आला. "वहिनी, पाळी इदिरची आहे." तो दार बुजवायला ढेकूळ घेऊन वाकला.

"टाका माती. मी वर जाऊन माझ्या तीन काठ्यांतले धोंडे होते तिथे परत लोटते. मग बघू कोणाची पाळी."

हद्दू तसाच वाकून राहिला. ढेकूळ त्याच्या मुठीत चुरलं. शेवटी त्याने हात झटकले आणि वाटेला लागला.

पाणी जवात शिरलं. तूदाने त्याच्या पाठीकडे पाहिलं नाही. राग उतरला नव्हता. अकरा वर्षांचे पिवळे जव तिला कोणी परत देणार नव्हतं.