शेवटच्या ओंजळीचा वास

देवावर माझी श्रद्धा आयुष्यभराची. चमत्कारांच्या कथांवर मात्र ती कधीच बसली नाही. कोणी सांगू लागले की मी हळूच विषय बदलत असे. आज स्वतःच लिहायला बसलो आहे... वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आम्ही लोणावळ्यात राहतो. मला कोविड होऊन गेला, पण थकवा राहिला, आणि वास गेला तो गेलाच. दोन पायऱ्या चढलो की बसावे लागते. पूजेत कापूर लावतो. ज्योत दिसते, गंध नाही. सौ. म्हणते, “शेजारी दूध करपलं तरी यांचं आपलं स्तोत्र चालूच!”

आमची सून मीरा आंबी गावाजवळच्या एका प्रयोगशाळेत आहे. तेथे उंदरांना विषाणूची लागण करून लगेच औषध देतात, आणि मागे रेंगाळणारा त्रास त्यामुळे टळतो का, ते पाहतात. शेवटी तपासणीसाठी त्यांना मारावे लागते. संशोधन अजून अगदी आरंभीचे आहे.

“मला चालेल का गं ते?” मी एकदा विचारले होते.

“नाही अप्पा. ते लागण झाल्या झाल्या द्यायचं. तुमची ती वेळ निघून गेली.”

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी ती कामावरून आली आणि ओट्यावरच बसली.

“अप्पा, नोकरी सोडते. आज सगळे गेले. रोज मीच खायला घालत होते त्यांना.” मग म्हणाली, “उद्याच्या तर्पणात त्यांना पाणी देता येईल?”

“अगं बाई! आता उंदरांचंही श्राद्ध?” सौ. आतून म्हणाली.

“ज्यांना कोणी नाही, त्यांच्यासाठी शेवटची ओंजळ असतेच,” मी म्हणालो. “देऊ.”

सकाळी दक्षिणेकडे तोंड करून बसलो. शेवटची ओंजळ सोडली — आणि मला वास आला! सुकलेल्या मक्याच्या कणसांचा, त्यात मूत्राचा उग्र दर्प. मी तसे बोलून दाखवले.

मीराने हातातला तांब्या खाली ठेवला. “पिंजऱ्यात आम्ही तोच भुसा घालतो, अप्पा. कणसांचा. हे मी घरी कधी बोलले नाही.”

ती तेथून नेहमी अंघोळ करून, कपडे बदलून निघते. मग तो वास आला कोठून?

“ते रागावलेले वाटले का हो?” तिने विचारले.

“नाही. नुसते जवळ आल्यासारखे वाटले.”

तोवर वास गेला होता. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन कामावर गेली, आजही जाते.

डॉक्टर म्हणाले, या आजारानंतर असे भास होतात. होत असतील... पण नेमका तोच वास? तर्पणाची शेवटची ओंजळ सोडताना अजूनही मी एक खोल श्वास घेऊन पाहतो. काही येत नाही. कापूरही नुसता दिसतो.