गिळण्याची जागा

सकाळी न्हाणीघरातून यांनी हाक मारली, "अगं, उजव्या पायाला पाणी गरम लागतच नाहीये." चेहऱ्याची मात्र डावी बाजू बधिर. चक्कर येत होती, आवाज घोगरा झाला होता आणि उचकी थांबेना.

पाटणकर बाजारातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते हसले. "गैस है, भाभीजी. हाथ-पैर चल रहे हैं ना? फिर लकवा कैसे होगा?" आणि पायाचं? "वहम है." नुसता भास म्हणे.

गॅसच्या गोळ्या घेऊन घरी आलो. संध्याकाळी चहाचा घोट यांच्या श्वासनळीत गेला आणि हे निळे पडले.

कंपू भागातल्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी स्कॅनवरचा ठिपका दाखवला. मेंदूच्या देठाचं सगळ्यात खालचं टोक, लंबमज्जा. गिळणं, श्वास, हृदयाचे ठोके, सगळा कारभार तिथला. तिच्या डाव्या कडेचा रक्तपुरवठा तुटला होता. हातपाय हलवणाऱ्या नसा पुढून जातात, त्या वाचल्या. गरम-थंड कळवणाऱ्या कडेनं जातात, त्या तडाख्यात सापडल्या. अंगाच्या नसा खालीच बाजू बदलून आलेल्या असतात, चेहऱ्याच्या नाहीत; म्हणून चेहरा डावा आणि पाय उजवा.

"आपके पति बिल्कुल सही बता रहे थे," त्या म्हणाल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सकाळपासून हे सांगतच होते की!

गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली. तर नणंद शिऱ्याचा डबा घेऊन हजर. "नळीनं कुठे पोट भरतं? दोन घास चारते." चमचा यांच्या ओठांपाशी गेला, तसं मी तिचं मनगट धरलं.

"वन्सं, हा घास फुप्फुसात जाईल."

"मला शिकवू नकोस. लहानपणी मीच भरवलंय त्याला."

"डबा उचला आणि बाहेर व्हा."

लग्न झाल्यापासून तिच्यापुढे माझा आवाज कधी चढला नव्हता. तिनं ते नातेवाइकांत सगळीकडे सांगितलं. सांगू दे.

बरेच आठवडे व्यायाम चालले. हनुवटी छातीला टेकवून यांनी चमचाभर घट्ट दही गिळलं, तेव्हा मी तिथेच रडले. नळी निघाल्यावर स्कॅन घेऊन मी गॅसच्या गोळ्या देणाऱ्या त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो उघडलाही नाही. "अब तो ठीक हैं ना?"

"हैं. आपकी वजह से नहीं," म्हटलं आणि बाकावरच्या पेशंटांना सगळी हकीकत मोठ्यानं ऐकवली. मग फूलबागेपर्यंत तरातरा चालत आले.

हे म्हणतात, झालं गेलं, सोडून दे. मी नाही सोडणार.