बघितलेला आकडा

"बघितलाय का ऐकलाय?"

मॅडमना कुठलाही आकडा सांगा, पहिला प्रश्न हाच. पेन्सिलीचं मागचं टोक स्क्रीनवर टेकवायच्या, चष्म्याच्या वरून आपल्याकडे बघायच्या आणि थांबायच्या. एकदा चहावाल्यानं "साहेब आलेत" म्हणून सांगितलं, तर त्यालाही तेच विचारलं. तो बिचारा किटली घेऊन खाली गेला, साहेबांची गाडी बघून आला आणि मग म्हणाला, "बघितलेत, मॅडम." त्याला त्या दिवशी त्यांनी चक्क शाबासकी दिली. मला दोन वर्षांत एकदाही नाही.

आमचं ऑफिस शिरूरला, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. काम असं की, जिथं गोदाम किंवा कारखाना उभा राहायचा, तिथली जमीन आधी कॉम्प्युटरमध्ये तयार करायची. कुठं खोदायचं, कुठं भराव टाकायचा, पाणी कुठून कुठं जाणार, सगळं त्यात. मी साइटवर जाऊन यंत्रानं उंच्या मोजून आणायचो, मॅडम त्यावरून मॉडेल करायच्या. तुम्ही नकाशा बघता तेव्हा रस्त्याची कड, गटार, आवार या सगळ्या सपाट रेषा असतात. मॅडमचं काम त्या रेषांना उंची देण्याचं. या टोकाला इतकी, त्या टोकाला इतकी, मधला उतार सॉफ्टवेअर काढतं. मग तीच फाईल माती सपाट करणाऱ्या ग्रेडरच्या केबिनमधल्या स्क्रीनवर जाते आणि मशीनचं पातं त्या रेषेप्रमाणे माती कापतं. रेषा चुकली की जमीन चुकली.

रेषेला उंची द्यायची राहिली, तर ती शून्यावर पडते. आमच्या भागातली जमीन समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच. त्यामुळे तिरकं करून बघितलं की सगळं काम वर आणि ती एक रेषा खाली पाताळात. माझ्या अशा तीन रेषा पहिल्याच आठवड्यात निघाल्या. मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमची माणसं विहिरीत पडलीत. काढा वर." पुढं सहा महिने मी ऑफिसात शिरलो की कुणी ना कुणी दोर मागवायचं.

मॅडम नदीपलीकडच्या, केडगावच्या. रोज स्कूटी घेऊन भीमा ओलांडून यायच्या. वडील कालव्यावर पाटकरी होते, शेतांना पाणी सोडायचे. लग्नानंतर, मुलगी शाळेत जायला लागल्यावर त्यांनी डिप्लोमा केला होता. चाळिशीच्या पुढची बाई, सुती साडी, पायात बूट. पदर खोचून उसाच्या सरीतून चालायला लागल्या की मागं राहणारा मीच असायचो. नकाशापेक्षा वेगळा आकडा आला की त्या स्वतः साइटवर येणार, हे ठरलेलं. पट्टी धरायला लावायच्या आणि यंत्राला स्वतः डोळा लावायच्या. मला राग यायचा. मी मोजलेलं ही बाई पुन्हा का मोजते? चोवीस वर्षांचा होतो, आणि आपल्याला सगळं येतं असं त्या वयात वाटतं तसं मलाही वाटायचं.

प्रत्येक रेषेपुढं शेऱ्याचा एक रकाना असतो. आम्ही कुणी तो भरत नसू. मॅडम भरायच्या. काय भरतात ते बघायच्या फंदात मी कधी पडलो नाही.

त्या वर्षी न्हावरे रस्त्याला एका गोदामाच्या आवाराचं काम होतं. आवाराला लागून धनगरांची पाच-सहा घरांची वस्ती. मेंढरं कधीच गेली, आता सगळे शेती करतात. आवाराचं पाणी एका उथळ गटारातून रस्त्याखालच्या जुन्या मोरीत सोडायचं होतं. गटार बशीसारखं, जेमतेम पाच-सहा बोटं खोल. त्याच्या एका अंगाला आवार, दुसऱ्या अंगाला वस्तीची अंगणं. उतार बरोबर असला तर पाणी मोरीत जाणार, नाहीतर लोकांच्या दारात.

उंची मोजायला साइटवर दोन पक्क्या खुणा होत्या. त्यांची उंची आम्हाला माहीत, तिथून बाकीचं मोजायचं. एक खूण वस्तीच्या म्हसोबाच्या ओट्यावर, लाल रंगाची. दुसरी अर्धा किलोमीटर लांब, विजेच्या टॉवरच्या पायावर. ग्रेडरच्या मशीनमधली उंची या टॉवरच्या खुणेवरून लावलेली होती. मॅडमचा नियम असा की, मोजलेलं दोन्ही खुणांवरून जुळलं तरच खरं.

गटाराच्या शेवटच्या तुकड्याची माती कापायची, त्या दिवशी सकाळी मी म्हसोबाच्या खुणेवरून मोरीचं तोंड मोजलं. नकाशापेक्षा चार बोटं खाली आलं. पुन्हा मोजलं. तेवढंच. आता टॉवरकडे जायला हवं होतं. पण मधल्या उसाला आदल्या दिवशी पाणी दिलेलं, गुडघ्याएवढा चिखल, आणि माझे बूट नवे होते. ग्रेडर उभा होता, ऑपरेटर झारखंडचा, तो दर पाच मिनिटांनी खाली उतरून विचारायचा, "साब, मॅडम का लाइन आया क्या?"

मी फोन लावला.

"मोरीचं तोंड चार बोटं खाली येतंय, मॅडम."

"मोरी काय आपोआप खाली गेली व्हय? इतकी वर्षं हाय तिथंच हाय ती."

"दोनदा घेतलं. तेच येतंय."

"टॉवरवरनं?"

"तिथूनपण तेवढंच."

"बघितलाय का ऐकलाय?"

"बघितलाय," मी म्हणालो.

एवढं सोपं होतं ते. पलीकडून माणसांचे आवाज येत होते. त्या दिवशी रांजणगावची माणसं ऑफिसात आली होती. तिथल्या मोठ्या कामाचं सगळं मॉडेल कुणी करायचं ते ठरायचं होतं, आणि मॅडम कित्येक वर्षं अशा कामाची वाट बघत होत्या, हे ऑफिसातल्या खुर्च्यांनाही माहीत होतं. साहेबांचा आवाज आला, "मॅडम, येताय ना?" एरवी त्या स्कूटी काढून निघाल्या असत्या. मग म्हणाल्या, "धा मिनिटं द्या." दहा मिनिटांनी नवी फाईल आली. गटाराच्या शेवटच्या साठ मीटरची रेषा उतरत उतरत मोरीपाशी चार बोटं खाली घेतली होती. लगेच पुन्हा त्यांचा फोन आला.

"गटार झालं की आधी टँकर सोडायचा. पाणी मोरीतनं बाहेर पडलेलं मी बघणार. तवर आवार ताब्यात द्यायचं न्हाई."

मला वाटलं, बाईचा जीव काही थंड होत नाही.

मोरीच्या तोंडाशी जुनी कुंडी होती, मोजून झाल्यावर मी तिच्यावर पुन्हा झाकण ठेवलं होतं. त्यामुळे आत काय झालंय ते कुणाच्या नजरेला पडलं नाही. काँक्रीट झालं, सुकलं. टँकर आला. मॅडम आल्या, साहेब आले, वस्तीतले आबा काठी टेकत येऊन उभे राहिले. म्हसोबाचं सगळं तेच बघायचे. टँकरचा नळ सोडला. पाणी गटारातून छान पळत निघालं. मी मॅडमकडे जरा ऐटीतच बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पाण्याबरोबर चालत होत्या.

पाणी कुंडीत शिरलं. आम्ही मोरीच्या दुसऱ्या तोंडाकडे बघत राहिलो. तिकडं थेंब नाही. टँकर सुरूच होता. मग गटारातलं पाणी हळू झालं, थांबलं, फुगलं. त्यावरचं उसाचं पाचट उलटं आमच्याकडे यायला लागलं. पाणी काठावरून वळलं आणि बेतानं, कुणालाही घाई नसल्यासारखं, आबांच्या अंगणात उतरलं. तिथं वाळत घातलेल्या ज्वारीखाली शिरलं.

"पोरी," आबा म्हणाले, "पाणी माघारी आलं की."

मॅडमनी टँकर बंद करायला लावला. पहिल्यांदा जाऊन ज्वारीचं कापड एका बाजूनं उचललं, दुसऱ्या बाजूनं मी उचललं. मग त्यांनी कुंडीचं झाकण काढायला लावलं. मोरीचं तोंड गटाराच्या तळापेक्षा वर होतं. त्यांनी हात आत घालून मोजलं. चार बोटं. हात तसाच धरून त्या ताडताड म्हसोबाकडे गेल्या. ओट्यावर नवी फरशी होती. फरशीच्या कडेला बोटं लावली. चार बोटं.

"ही फरशी कवा बसवली, आबा?"

"दिवाळीच्या वक्ताला. तुमची खूण झाकली जात हुती, मी मिस्त्रीला म्हटलं, सायबांची खूण हाय, ती जाता कामा नये. बरोब्बर त्याच जाग्यावर वर काढून घेतली. लाल रंग म्या सोता आणला शिरूरहून."

खूण चार बोटं वर गेली होती, म्हणून तिच्यावरून मोजलेली मोरी चार बोटं खाली आली होती. आबा कौतुकाची वाट बघत होते. मॅडमच्या ओल्या हातातून पाणी ठिबकत होतं.

"लई काळजीनं केलंत, आबा," त्या म्हणाल्या. त्यात कुठंही टोमणा नव्हता.

फरशी नवी आहे हे मला त्या सकाळीच दिसलं होतं. मी तिच्यावरच उभा राहून मोजलं होतं. पण खूण होती, लाल होती, मला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात साहेबांनी आम्हा दोघांना बसवलं. महिनाअखेर मला कायम करायचं का नाही ते ठरणार होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. साहेब ओरडले नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

"मला एकच सांगा. टॉवरच्या खुणेवरून तपासलं होतं का नव्हतं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. पेन्सिल नव्हती, लॅपटॉप साहेबांपुढं होता, पण नजर तीच, चष्म्याच्या वरून. त्या थांबल्या. बाहेर ग्रेडर मागं येत होता आणि त्याचा भोंगा वाजत होता. तो वाजायचा थांबला तरी मी बोललो नाही. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. अजून नवेच दिसत होते.

"रेषा मी खाली घेतली," मॅडम म्हणाल्या. "न बघता घेतली. चूक माझी हाय."

साहेबांना हे अपेक्षित नसावं. ते टेबलावरचे कागद सरळ करत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "रांजणगावचं मग दुसऱ्या कुणाकडं देऊ या." मॅडमनी मान हलवली. मला अजून आठवतं, त्यांनी हातातल्या रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. तेवढंच. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. मला वेळ होता. मी बोललो नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

साठ मीटर गटार फोडलं. ते पुन्हा होईपर्यंत मॅडम रोज साइटवर आल्या. रेषा पुन्हा वर घेतली, दोन्ही खुणा स्वतः बघितल्या, पुन्हा टँकर मागवला. पाणी मोरीतून पलीकडे पडलं तेव्हा आबांनी त्यांच्या हातावर गूळ ठेवला. महिन्याच्या शेवटी त्यांनी काम सोडलं. मला कायमचं पत्र मिळालं. एकाच आठवड्यात.

जायच्या दिवशी त्यांनी पेनड्राइव्ह, मोजपट्टी, चाव्या असं सगळं माझ्या टेबलावर मांडलं. जिन्यापाशी थांबल्या आणि मागं न बघता म्हणाल्या, "त्या टॉवरकडं जायला बांधावरनं वाट हाय. चिखल लागत न्हाई."

स्कूटीचा आवाज बाजारपेठेच्या गर्दीत मिसळेपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.

त्यांना कळलं होतं तर. मी समजूत करून घेतली की टँकरच्या दिवशी कळलं असेल. माणूस समजूत करून घेतोच काही ना काही. पुढं कुणी म्हणालं त्या नाशिकला असतात, कुणी म्हणालं दौंडला शिकवतात. हे सगळं ऐकलेलं. बघायला मी गेलो नाही.

यंदा त्याच आवाराशेजारचा प्लॉट आमच्याकडे आला. जुनी फाईल उघडावी लागली. मॅडमच्या टेबलावर आता मी बसतो. जुन्या आवृत्त्या होत्या, त्यातली त्या दिवशीची मी उघडली. माझ्या फोननंतर दहा मिनिटांनी साठवलेली. गटार तेव्हा मातीतही उतरलं नव्हतं. पहिल्यांदाच मी शेऱ्याचा रकाना उघडला.

रस्त्याची कड: बघितला. आवाराची कड: बघितला. गटार, सुरुवात: बघितला. गटार, मधला भाग: बघितला. शंभराच्या वर रेषा होत्या, सगळ्यांपुढं तोच एक शब्द.

गटार, शेवटचे साठ मीटर: ऐकला.

मी "बघितलाय" म्हणालो होतो आणि त्यांनी "ऐकला" लिहिलं होतं. मी बघितला असेल नसेल, त्यांनी बघितला नव्हता. म्हणून टँकरचा हट्ट. म्हणून "चूक माझी". आणि पत्र्याच्या ऑफिसात ही फाईल साहेबांच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये उघडी होती. हा रकाना त्यांनी साहेबांपुढं नुसता उघडला असता, तर पुढचा प्रश्न मलाच आला असता.

त्या रकान्यात मी पुढं लिहिलं: "टॉवरच्या खुणेवरून तपासलं नव्हतं. तपासलं म्हणून मी खोटं सांगितलं." खाली माझं नाव घातलं, फाईल साठवली आणि साहेबांना पाठवली.

आठवडा झाला. साहेबांनी नव्या प्लॉटच्या उताराबद्दल दोनदा विचारलं, माझ्या शेऱ्याबद्दल काही नाही. ते रकाने उघडत नाहीत. आमच्या ऑफिसात ते उघडून वाचणारं माणूस एकच होतं.